रोज सकाळी मागे पडणारे घड्याळ आणि नाहक दोष खाणारे लिनक्स

जुन्या संगणकावर विंडोजच्या जागी नुकतेच लिनक्स ही प्रणाली बसवलेल्या मंडळींची एक तक्रार माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येते, आणि प्रत्येक वेळी तिचा वेश निराळा असतो. कोणी सांगतो, की काल उघडत असलेली संकेतस्थळे आज ‘तुमची जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणून अडवतात, आणि गंमत म्हणजे काही अडवतात, काही अडवत नाहीत. कोणी सांगतो, की अपडेट घेताना रिलीज फाइल, म्हणजे अपडेटच्या यादीसोबत येणारी फाइल, अजून वैध झालेली नाही असा विचित्र संदेश येतो. कोणाचे घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे पळालेले असते, तर कोणाचा संगणक सकाळी सुरू करताच काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून ‘एफ-वन दाबा’ म्हणत थांबलेला असतो. बहुतेकांचा निष्कर्ष मात्र एकच असतो, की लिनक्स बिघडले. त्यावरचा इलाजही सगळ्यांनी ठरवून टाकलेला असतो, तो म्हणजे पेनड्राइव्ह लावून ते पुन्हा बसवणे.

या इलाजाचा घोटाळा असा, की तो लागू पडल्यासारखा वाटतो. पुन्हा बसवल्यावर तो दिवस सगळे सुरळीत चालते, आणि दुखणे एक-दोन दिवसांनी जागच्या जागी परत येते.

मराठवाड्यातल्या सेलूला माझा एक मावसभाऊ ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि त्याचा जुना डेस्कटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेना, म्हणून मीच त्याला लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घालून दिली होती. त्यानंतर दोन महिन्यांत त्याने ती स्वतःच्या हाताने तीनदा पुन्हा बसवली. चौथ्या वेळी मात्र त्याने पेनड्राइव्ह शोधण्याआधी फोन केला. “दादा, पुन्हा उडालं बघ लिनक्स. रात्री चांगलं बंद करून गेलतो,” तो म्हणाला. मी त्याला पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळात किती वाजले ते विचारले. “दहा वीस,” त्याने सांगितले, आणि माझ्या मोबाइलवरही दहा वीसच झाले होते. मग त्याच घड्याळावर टिचकी मारून तारीख वाचायला सांगितली, तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची होती.

झाले होते ते असे. घड्याळ रोज सकाळी चुकलेले असे, आणि विंडोजच्या काळापासूनच्या सवयीने तो ते मोबाइलशी जुळवून घेत असे. पण पट्टीवर फक्त तास आणि मिनिटे दिसत असल्यामुळे तो तेवढीच जुळवी आणि तारीख तशीच राही. त्यातच, हाताने वेळ बदलता यावी म्हणून सेटिंग्जमधील ‘नेटवर्क टाइम’ हा खटका बंद करावा लागतो. तो त्याने पहिल्याच दिवशी बंद केला होता, आणि पुढे प्रत्येक वेळी नवे लिनक्स बसवल्यावर दुकान उघडण्याच्या घाईत पुन्हा बंद केला होता. म्हणजे रोग एक होता, आणि त्या रोगावरचे जे औषध लिनक्स स्वतःच घेत होते, तेही त्याच्या हातून नकळत बंद झाले होते.

हे समजण्यासाठी संगणकात दोन घड्याळे असतात एवढे आधी ध्यानात घ्यावे लागते. एक घड्याळ लिनक्स चालू असताना स्वतः चालवते. ते संगणक बंद होताच नाहीसे होते. दुसरे मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटच्या पाटीवर असते, त्याला आरटीसी म्हणतात, आणि ते संगणक बंद असतानाही चालत राहावे अशी अपेक्षा असते. त्याच्या गाभ्यात मनगटी घड्याळात असतो तसाच, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो, आणि त्याला जगवण्यासाठी मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक चपटा सेल बसवलेला असतो. दुकानात तो ‘सीमॉसचा सेल’ म्हणून मागितला तरी मिळतो आणि घड्याळजीकडेही मिळतो. त्यावर सीआर २०३२ असे कोरलेले असते. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. त्याचा दाब ३ व्होल्ट असतो. संगणक सुरू होताना लिनक्स आपले घड्याळ या आरटीसीवरून लावून घेते. आरटीसी चुकलेले असेल, तर तिथून पुढचे सगळेच चुकते.

आता हा सेल आपल्याकडे इतक्या लवकर का संपतो, याचे कारण आपल्या एका सवयीत आहे, आणि ती सवय वाईट नाही. डेस्कटॉप बंद केला तरी भिंतीवरचा खटका चालू असेल, तर त्याचा पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह सतत पुरवत राहतो, आणि आरटीसी त्यावरच चालते. सेलला तेव्हा फारसे काम नसते. पण मराठवाड्यात रात्री दुकान बंद करताना मुख्य बोर्डाचा खटका पाडूनच माणूस शटर ओढतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग आले आणि वीज कडाडू लागली, की घरात आधी टीव्हीची आणि मग संगणकाची पिन उपटली जाते. आणि भारनियमनाच्या तासांत तर कोणी न उपटताच ती उपटल्यासारखी होते. या प्रत्येक तासाचा भार त्या सेलवर पडतो. जिथे संगणकाची पिन कधीच निघत नाही अशा कार्यालयात जो सेल बरीच वर्षे तग धरेल, तो इथे लवकर मान टाकतो. विजांच्या दिवसांत पिन काढू नका असे मी कोणालाही सांगणार नाही. सेल बदलणे स्वस्त आहे, मदरबोर्ड बदलणे नाही.

दुखणे नेमके ओळखायचे असेल, तर एक अडचण आधी सांगून ठेवली पाहिजे. आजकालचे लिनक्स हा दोष झाकते. मिंट किंवा डेबियनमध्ये वेळ जुळवणारी जी सेवा असते, ती इंटरनेटवरून वेळ तर घेतेच, पण शेवटची वेळ डिस्कवर नोंदवूनही ठेवते. सकाळी संगणक सुरू झाला आणि आरटीसीने २०१२ साल सांगितले, तर हे शक्य नाही असे समजून ही सेवा घड्याळ त्या नोंदलेल्या वेळेपर्यंत पुढे सरकवते. म्हणून पट्टीवर २०१२ दिसत नाही. काल रात्री आपण संगणक बंद केला ती वेळ दिसते, म्हणजे घड्याळ बरोबर एका रात्रीने मागे असते. ‘नेटवर्क टाइम’ बंद असेल तर ही नोंदही ताजी होत नाही, आणि मग घड्याळ त्याहून जुन्या वेळेवर येऊन थांबते. बहुधा सिस्टिमचा तो भाग बांधला गेला तेव्हाची ती तारीख असते. मावसभावाच्या संगणकावर मी जी कित्येक महिन्यांपूर्वीची तारीख ऐकली ती अशी होती.

यातून ‘काही साइट उघडतात, काही नाही’ या कोड्याचाही उलगडा होतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र एका ठरावीक तारखेपासून दुसऱ्या ठरावीक तारखेपर्यंतच वैध असते. पुष्कळ संकेतस्थळे ९० दिवसांची प्रमाणपत्रे वापरतात आणि ती मुदत संपण्याआधीच बदलतात. आपले घड्याळ तीन महिने मागे असेल, तर ज्या संकेतस्थळाने या तीन महिन्यांत प्रमाणपत्र बदलले त्याचे प्रमाणपत्र ब्राउझरच्या लेखी अजून जन्मालाच आलेले नसते, आणि ज्याने त्याआधी दीर्घ मुदतीचे घेतले ते खुशाल उघडते. दुकानाला दोन-तीन दिवस सुट्टी होती आणि त्यानंतर नेमकी एखादीच साइट रुसली, तर कारण बहुधा हेच. ब्राउझर अशा वेळी ‘घड्याळ मागे आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगतोही, पण लाल रंगाचा पडदा पाहून माणूस तो मजकूर वाचत नाही, हा माझा अनुभव आहे. ‘तरीही पुढे जा’ हे बटण मात्र अशा वेळी दाबू नये, विशेषतः ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती भरली जातात त्यावर तर नाहीच.

अपडेटचा संदेश तर याहून उपयोगी आहे. त्यात रिलीज फाइल ‘आणखी इतके तास, इतकी मिनिटे’ अवैध राहील असा आकडा असतो. ती फाइल भविष्यात तयार झालेली आहे असे आपल्या यंत्राला वाटते, म्हणून ते तिला नाकारते. आकडा नऊ तासांचा असेल तर घड्याळ किमान नऊ तास मागे आहे, आणि दुकान रात्री किती वाजता बंद झाले होते हे आठवले की दोन्ही गोष्टी जुळतात.

तपासणी सकाळी, संगणक सुरू केल्याबरोबर आणि मोबाइलचे हॉटस्पॉट लावण्याआधी करावी. एकदा इंटरनेट मिळून वेळ जुळली, की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ती बरोबर वेळ साधारण दर ११ मिनिटांनी आरटीसीतही लिहीत राहतो, आणि पुरावा पुसला जातो. दुपारी बघणाऱ्याला सगळे ठीकच दिसते. पुन्हा बसवलेले लिनक्स तो दिवस चांगले चालते त्यामागचे गुपितही एवढेच आहे.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडून त्यात टाइमडेटसीटीएल ही एकच आज्ञा द्यावी. रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइम, डेट आणि त्याला लागून सी, टी, एल, मध्ये कुठेही जागा न सोडता. ही आज्ञा काहीही बदलत नाही, फक्त सांगते, त्यामुळे नवख्याने तिला घाबरण्याचे कारण नाही. तिच्या उत्तरात स्थानिक वेळ, जागतिक वेळ आणि आरटीसीची वेळ अशा तीन ओळी एकाखाली एक येतात. आरटीसीची वेळ जागतिक वेळेशी जुळली पाहिजे, स्थानिक वेळेशी नव्हे. ती साडेपाच तास मागे दिसली म्हणून दचकू नये, भारताची वेळ जागतिक वेळेच्या तेवढीच पुढे असते. पण आरटीसीच्या ओळीत एखादे जुनेच साल दिसले, तर सेल संपला हे जवळजवळ नक्की समजावे. त्याखाली घड्याळ नेटवर्कशी जुळले आहे काय आणि इंटरनेटवरून वेळ जुळवणारी एनटीपी सेवा चालू आहे काय याच्या ओळी असतात. सेवेपुढे ‘इनॅक्टिव्ह’ दिसले, तर आपणही माझ्या मावसभावाच्या वाटेने गेलेले आहात.

टर्मिनल नको असेल तर त्याहून सोपी वाट बायोसची, म्हणजे लिनक्सच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची आहे. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबत राहिले, की निळा किंवा करडा पडदा येतो आणि त्याच्या पहिल्याच पानावर तारीख असते. तिथे लिनक्सचा संबंधच येत नाही, त्यामुळे तिथली तारीख चुकली असेल तर लिनक्सला दोषमुक्त करावे लागते. आणि सुरू होतानाच ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘सीमॉस बॅटरी लो’ असे लिहून संगणक एफ-वन मागत असेल, तर मग तपासणीचीही गरज नाही, यंत्र स्वतःच रोगाचे नाव सांगते आहे. मावसभावाचा संगणक हेच रोज सांगत होता. तो वाचल्याशिवाय एफ-वन दाबत होता, आणि हे विंडोज असल्यापासून चालू होते.

इलाजाकडे वळायचे तर पहिला भाग मिनिटभराचा आहे. सेटिंग्जमधील तारीख आणि वेळेच्या विभागात जाऊन ‘नेटवर्क टाइम’ चालू करावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. मिंटमध्ये त्यासाठी आधी पासवर्ड देऊन कुलूप उघडावे लागते. इंटरनेट जोडल्यावर वेळ त्याच क्षणी जुळेलच असे नाही, हॉटस्पॉट उशिरा लावले तर दोन-चार मिनिटेही जातात. तेवढा वेळ थांबावे, अधीर होऊन हाताने वेळ बदलू नये. ज्यांचे काम कायम इंटरनेटवरच चालते त्यांचे दुखणे एवढ्यानेही पुष्कळसे दबते, पण ते दबते, जात नाही. इंटरनेट नसलेल्या सकाळी वेळ चुकलेलीच राहील, आणि सेल संपल्याचा दुसरा, याहून त्रासदायक परिणाम पुढे सांगितला आहे तो तर टळतच नाही. म्हणून सेल बदलावाच.

सेल बदलण्याचे काम दहा मिनिटांचे आहे आणि ते घरी होते. संगणक बंद करून भिंतीवरची पिन काढावी, म्हणजे खटका पाडून भागणार नाही, पिनच काढावी. मग कॅबिनेटवरचे चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. बाजूचा पत्रा काढल्यावर आपल्याकडच्या यंत्रांत आधी धूळच दिसते. ती पाहून फुंकर मारण्याचा मोह होतो, पण तोंडाच्या वाफेने आत ओल जाते, त्याऐवजी कोरडा मऊ ब्रश फिरवावा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावून मगच मदरबोर्डला हात लावावा. चपटा सेल एका गोल खोबणीत बसवलेला असतो आणि त्याच्या काठावर एक छोटी धातूची पट्टी असते. ती नखाने किंवा पातळ काडीने बाहेरच्या बाजूला हलकेच दाबली की सेल स्वतःच उसळून वर येतो. पेचकसाने उचकटू नये, कारण ती पट्टी एकदा वाकली की नवा सेलही नीट टेकत नाही. नवा सेल बसवताना अधिक चिन्हाची, म्हणजे ज्यावर अक्षरे असतात ती बाजू वर ठेवावी. एखाद्या वायरमनकडे मल्टीमीटर असेल तर जुना सेल मोजून बघावा. ३ व्होल्टच्या जागी तो अडीचच्या आसपास उतरलेला आढळला, की शंकेला जागा राहत नाही. काढलेला सेल टेबलावर टाकून देऊ नये. घरात लहान मूल असेल तर तो लगेच त्याच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा, कारण असा सेल गिळला गेला तर तो अन्ननलिकेला आतून भाजतो, आणि तशी नुसती शंका जरी आली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो.

सेल बदलल्यावर लगेच लिनक्स सुरू करण्याची घाई करू नये. वर म्हटलेला दुसरा परिणाम इथेच भेटतो. सेल संपला किंवा काढला, की आरटीसीबरोबर बायोसमधील आपण केलेले बदलही अनेक जुन्या मदरबोर्डांवर विसरले जातात आणि कारखान्यातून आलेली मूळ मांडणी परत येते. लिनक्स बसवताना ज्या पद्धतीने, म्हणजे जुन्या लेगसी किंवा नव्या यूईएफआय पद्धतीने, ते बसवले होते ती पद्धत यात बदलली, तर संगणक ‘सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही’ असे सांगतो, किंवा दोन्ही सिस्टिम असलेल्या यंत्रावर निवडीचा पडदा न दाखवता सरळ विंडोजमध्ये शिरतो. माणसाला वाटते, लिनक्स पुसले गेले. ते पुसले गेलेले नसते, जागेवरच असते. मावसभावाने तीनपैकी एकदा लिनक्स बसवले ते यामुळेच, आणि त्या वेळी दुकानातल्या काही ग्राहकांच्या पावत्याही त्याने विनाकारण गमावल्या. म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन तारीख आणि वेळ लावावी (यंत्रावर फक्त लिनक्स असेल तर जागतिक वेळ, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागची), सुरू होण्याचा क्रम आणि ती पद्धत तपासावी, जतन करून बाहेर पडावे. चांगल्या दिवसांत बायोसच्या या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर हे काम आठवणीवर सोडावे लागत नाही.

साडेपाच तासांचे प्रकरण मात्र सेलचे नाही, आणि तिथे सेल बदलून काहीच होणार नाही. बहुधा एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तेव्हा ते उद्भवते. विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स तिथे जागतिक वेळ आहे असे धरून चालते. विंडोजने सकाळचे १० लिहून ठेवले, की लिनक्स त्यात साडेपाच तास मिळवून दुपारचे साडेतीन दाखवते. मग इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून लिनक्स आरटीसीत साडेचार लिहिते, आणि पुढच्या वेळी विंडोज पहाटेचे साडेचार दाखवते. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि रोज एकमेकांचे लिहिलेले खोडत राहतात. फरक बरोबर साडेपाच तासांचा, ना मिनिट कमी ना जास्त, ही त्याची खूण.

यावर दोन उपाय आहेत. विंडोजला जागतिक वेळ मानायला लावता येते, पण त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालावा लागतो, आणि नवख्याला मी तो मार्ग सांगत नाही. दुसरा उपाय लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावण्याचा आहे. वर सांगितलेल्या टाइमडेटसीटीएल या आज्ञेनंतर जागा सोडून सेट, लोकल आणि आरटीसी हे तीन शब्द छोट्या आडव्या रेघांनी (हायफनने) जोडून लिहावेत आणि पुन्हा जागा सोडून १ हा आकडा इंग्रजी अंकात द्यावा. पुढे केव्हा विंडोज काढून टाकले तर त्याच आज्ञेत १ ऐवजी शून्य द्यायचे. लिनक्स यावर इशारा देते, की असे करणे ठीक नाही. जिथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे आणि हिवाळ्यात मागे करतात त्या देशांसाठी तो इशारा फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असते, त्यामुळे मराठवाड्यातील घरगुती यंत्रावर मी तो इशारा वाचून बाजूला ठेवतो.

याच्याशी गल्लत होऊ शकेल असा आणखी एक प्रकार आहे, टाइमझोन चुकण्याचा. लिनक्स बसवताना नकाशा येतो तेव्हा नवखा माणूस मुंबई किंवा दिल्ली शोधतो, नावाची यादी आली तर त्यात ती सापडत नाहीत आणि तो पुढे जा म्हणून टाकतो. भारताचा टाइमझोन आशिया विभागात कोलकाता या नावाने आहे, तोच निवडायचा. या प्रकाराची ओळख सोपी आहे. वेळ चुकलेली दिसते, पण सगळी संकेतस्थळे बिनतक्रार उघडतात, कारण प्रमाणपत्रे जागतिक वेळेवर तपासली जातात आणि ती आतून बरोबरच असते.

राहता राहिला आणखी एक काळा पडदा, एफ-वन मागणारा नव्हे तर ज्यावर कंसात इनिटरॅमएफएस असे लिहून संगणक थांबतो. याचा आणि घड्याळाचा संबंध कमी, लाइटीचा जास्त आहे. काम चालू असताना लाइट गेली, की डिस्कवर अर्धवट राहिलेल्या लिखाणाची लिनक्स पुढच्या वेळी सुरू होताना स्वतःच छाननी करते आणि बहुधा ‘क्लीन’ असे सांगून पुढे जाते. आरटीसी मागे असेल तर या छाननीत ‘शेवटच्या जोडणीची वेळ भविष्यात आहे’ अशीही एक ओळ कधी कधी येते, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण खरीच नासधूस आढळली तर ती थांबते आणि माणसाला विचारते. तिथे एक्झिट लिहून एंटर दाबले, की कोणत्या विभागाची दुरुस्ती हवी आहे त्याचे नाव पडद्यावर येते. मग एफ, एस, सी, के ही चार अक्षरे, जागा, आणि ते नाव जसेच्या तसे लिहावे, येणाऱ्या प्रश्नांना वाय दाबत जावे आणि शेवटी संगणक पुन्हा सुरू करावा. हे एकदा घडले तर लाइटीला बोल लावावा. महिन्यातून दोनदा घडू लागले तर डिस्कच आजारी असण्याचा संभव आहे, आणि तेव्हा दुरुस्तीच्या आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून घ्याव्यात. जिथे लाइटीचा भरवसा नाही अशा गावात दुकानाच्या डेस्कटॉपला छोटा यूपीएस हा शौक नसून गरज आहे. घरचा इन्व्हर्टर त्याची जागा घेईलच असे नाही, कारण काही इन्व्हर्टर वीज बदलताना जो निमिषभर घेतात तेवढ्यातही संगणक बंद पडतो.

लॅपटॉपवाल्यांनी वरचा सेल बदलण्याचा भाग स्वतःवर घेऊ नये. तिथे हा सेल दोन तारा जोडून आवरणात गुंडाळलेला असतो, काही ठिकाणी चिकटवलेला असतो, आणि काही नव्या लॅपटॉपांत तो नसतोच, मुख्य बॅटरीच त्याचे काम करते. अशा यंत्राची मुख्य बॅटरी काढून ते नुसत्या चार्जरवर चालवले, तर घड्याळ रोज मागे पडणारच.

मावसभावाच्या दुकानात नवा सेल बसवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला हॉटस्पॉट न लावता तीच आज्ञा द्यायला सांगितली आणि आरटीसीची ओळ फोनवर वाचून घेतली. ती जागतिक वेळेशी सेकंद-दोन सेकंदांच्या फरकाने जुळली. नवा सेलही चार-सहा महिन्यांत उतरला, तर मात्र दोष सेलचा धरू नये. मदरबोर्डवर सेलच्या शेजारी बायोस पुसण्यासाठी दोन-तीन टाचण्यांची एक जागा असते, तिच्यावरची टोपी चुकीच्या टाचण्यांवर बसली आहे काय ते आधी बघावे, खोबणीतली पट्टी नीट टेकते काय ते बघावे, आणि दोन्ही ठीक असेल तर मदरबोर्डच वीज गळवतो आहे असे समजून तो जाणत्या कारागिराला दाखवावा.